तीनाचे घात द्विमानात मांडा: स्वतःची संख्याक्रमिका घडवण्याची रीत

चौकटीची वही घ्या, पेन्सिल घ्या आणि पानाच्या उजव्या कडेच्या शेवटच्या चौकटीत १ लिहा. त्याच्या खालच्या ओळीत, उजवी कड सांभाळून, ११. त्याखाली १००१. त्याखाली ११०११. हे झाले १, ३, ९ आणि २७, म्हणजे तीनाचे पहिले चार घात, द्विमान पद्धतीत लिहिलेले: अंक फक्त ० आणि १, आणि उजवीकडून चौकटींच्या किमती १, २, ४, ८ अशा दुप्पट होत जाणाऱ्या. डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, चारही ओळी सारख्याच वाचल्या जातात. इथे कुणालाही वाटेल की नियम सापडला. मग पाचवी ओळ येते, ८१ ची: १०१०००१. उलटी वाचली तर १०००१०१. नियम मोडला.

अंकांच्या आकृतिबंधांतून क्रमिका घडवताना हा चकवा सतत भेटतो, म्हणून तो पहिल्याच पानावर पाहिलेला बरा. या लेखात तीनाचे घात घेऊन एक क्रमिका अगदी शून्यापासून घडवून दाखवतो: ओळी कशा लिहायच्या, व्याख्या कशी बांधायची, पदं कशी काढायची, आणि ती बरोबर आहेत हे कसं तपासायचं. दहावीपर्यंतचं गणित पुरेसं आहे. घाई मात्र चालणार नाही.

तीनच का? दोनाचे घात द्विमानात म्हणजे एक १ आणि त्यामागे शून्यं, तिथे बघण्यासारखं काही नाही. सहाचे घात म्हणजे तीनाच्याच घातांना मागे शून्यं चिकटवलेली. दोन आणि तीन यांचं मात्र एकमेकांशी जुळत नाही. तीनाचा कुठलाही घात (१ सोडून) दोनाच्या कुठल्याही घाताएवढा होत नाही, आणि या न जुळण्यातूनच सगळी गंमत तयार होते.

ओळी हाताने लिहा

तिप्पट करायची म्हणजे दुप्पट करून मूळ संख्या मिळवायची. द्विमानात दुप्पट म्हणजे शेवटी एक शून्य. तेव्हा प्रत्येक नवी ओळ म्हणजे एक साधी बेरीज: मूळ ओळ, आणि तीच ओळ एक चौकट डावीकडे सरकवून.

२७ वरून ८१ काढून बघू. वरची ओळ ११०११, खालची ११०११०. उजवीकडून सुरुवात. १ आणि ०, लिहा १. पुढे १ आणि १, दोन झाले; द्विमानात दोन म्हणजे १०, तेव्हा ० लिहा, हातचा १. पुढे ० आणि १ आणि हातचा, पुन्हा दोन: ० लिहा, हातचा १. पुढे १ आणि ० आणि हातचा, परत दोन: ०, हातचा १. पुढे १, १ आणि हातचा, तीन झाले: १ लिहा, हातचा १. पुढे वरची ओळ संपली, खालचा १ आणि हातचा: ०, हातचा १. शेवटी तो हातचा खाली उतरवा. उत्तर १०१०००१.

हातचा कसा धावला ते बघा. दुसऱ्या चौकटीत जन्मलेला हातचा पार डाव्या टोकापर्यंत गेला. एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला पोचवतो तो हातचाच, आणि या ओळींचं भाकीत करणं अवघड होतं तेही त्याच्यामुळेच. हे कळायला निदान दहा ओळी तरी हाताने लिहाव्यात. प्रोग्रॅमने एका क्षणात हजार ओळी काढल्या तर हातचा दिसतच नाही.

घातांक ० ते १६ च्या ओळी खाली देतो. तुमच्या वहीशी ताडून बघा.

० : १
१ : ११
२ : १००१
३ : ११०११
४ : १०१०००१
५ : ११११००११
६ : १०११०११००१
७ : १०००१०००१०११
८ : ११००११०१००००१
९ : १००११००१११०००११
१० : १११००११०१०१०१००१
११ : १०१०११००१११११११०११
१२ : १००००००११०११११११०००१
१३ : ११००००१०१००११११०१००११
१४ : १००१०००१११११०११०११११००१
१५ : ११०११०१०११११००१००११०१०११
१६ : १०१००१००००११०१०१११०१०००००१

प्रत्येक ओळीला ताळा लावा

नवाचा ताळा आपण शाळेत शिकतो. इथे तीनाचा ताळा हवा, आणि द्विमानात तो फार सोपा आहे. तीनाने भागल्यावर २ ची बाकी उणे १ मानता येते, ४ ची १, ८ ची पुन्हा उणे १. तेव्हा उजवीकडून विषम क्रमांकाच्या चौकटींतले एक मोजा, सम क्रमांकाच्या चौकटींतले एक मोजा आणि वजाबाकी करा. संख्येला तीनाने भाग जात असेल तर या वजाबाकीलाही गेलाच पाहिजे.

घातांक ११ ची ओळ घ्या. उजवीकडून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा चौकटींत एकूण ५ एक, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अशा चौकटींत ८. फरक ३. ताळा जमला. हातचा एका ठिकाणी चुकला की ही वजाबाकी लगेच बिघडते. दोन चुका एकमेकींना झाकू शकतात हे खरं, पण प्रत्येक ओळीला ताळा लावत गेलात तर चूक पुढच्या ओळीत शिरायच्या आत पकडली जाते.

आणखी दोन खुणा फुकटात मिळतात. शेवटचा अंक नेहमी १, कारण तीनाचा घात विषमच असतो. आणि उजवीकडून तिसरा अंक नेहमी ०, कारण ८ ने भागल्यावर तीनाच्या घाताची बाकी १ किंवा ३ एवढीच येते. म्हणजे ओळीचा शेवट ००१ नाहीतर ०११. तिथे १ दिसला तर खोडरबर घ्या.

उजवी कड: इथे सगळं शिस्तीत आहे

आता ओळी आडव्या वाचू नका. रकाने उभे वाचा, उजवीकडून.

पहिला रकाना: सगळे १. दुसरा: ०, १, ०, १. तिसरा: सगळी शून्यं. चौथा: ०, ०, १, १ आणि पुन्हा तेच. पाचवा: ०, ०, ०, १, १, १, १, ० आणि पुन्हा तेच. चौथ्या रकान्याचं आवर्तन ४ ओळींचं, पाचव्याचं ८, सहाव्याचं १६, दर रकान्याला दुप्पट. पाचव्या रकान्याचं आवर्तन मधोमध कापा: ०००१ आणि १११०. दुसरा अर्धा भाग म्हणजे पहिल्यातला प्रत्येक अंक उलटवलेला. चौथ्यापासून पुढे प्रत्येक रकान्यात हे असंच होतं, म्हणून अशा प्रत्येक रकान्यात निम्मे एक आणि निम्मी शून्यं, अगदी बरोबर.

कारण एका ओळीत सांगता येतं. ९ म्हणजे ८ अधिक १. ८१ म्हणजे १६ ची ५ पट अधिक १. ६५६१ म्हणजे ३२ ची २०५ पट अधिक १. घातांक २, ४, ८ असा दुप्पट करत गेलं, म्हणजे दर वेळी संख्येचा वर्ग केला, की ८, १६, ३२ हेही दुप्पट होत जातं आणि पट विषमच राहते. वर्गाचं सूत्र मांडून हे स्वतः पडताळा, चार ओळींचं काम आहे. त्यातून काय निघतं ते ओळींतच बघा: घातांक २ च्या ओळीत शेवटच्या एकाआधी २ शून्यं, ४ च्या ओळीत ३, ८ च्या ओळीत ४, १६ च्या ओळीत ५. ३२ च्या ओळीत ६ असणार, ६४ च्या ओळीत ७, न मोजता. ही खात्री पुढे लागणार आहे, वहीत चौकटीत लिहून ठेवा.

डावी कड: इथे तंबोरा वाजतो

ओळीची लांबी किती? घातांकाला १.५८४९६ ने गुणा (तीन म्हणजे दोनाचा साधारण इतकावा घात), पूर्णांक ठेवा, एक मिळवा. घातांक १२: १९.०१९५, म्हणून २० अंक. मोजून बघा.

आता या १२ च्या ओळीकडे नीट बघा. १ नंतर सलग सहा शून्यं. त्या .०१९५ मुळेच ती आली. अपूर्णांक जवळजवळ शून्य आहे, म्हणजे तीनाचा बारावा घात, ५३१४४१, हा दोनाच्या एकोणिसाव्या घाताच्या, ५२४२८८ च्या, जेमतेम वर आहे. गुणोत्तर १.०१३६.

गाणं शिकलेल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. षड्जाशी पंचमाचं गुणोत्तर ३/२. पंचमाचा पंचम, त्याचा पंचम, असं बारा वेळा वर गेलं की साधारण सात सप्तकं ओलांडून परत षड्जाशी यायला हवं. पण ३/२ चा बारावा घात १२९.७४६ आहे आणि सात सप्तकं म्हणजे १२८. हीच ती १.०१३६ ची फट, पायथागोरसच्या नावाने ओळखली जाणारी. स्वर जुळवताना जी फट कानाला बोचते, तीच आपल्या वहीत एका १ नंतरची सहा शून्यं होऊन बसली आहे. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी ती ओळ लाल पेनाने अधोरेखित केली होती, आणि अजून नव्या वहीत ती ओळ आली की करतो.

याच हिशेबाने घातांक ५३ बघा. ८४.००३ येतं, अपूर्णांक आणखी लहान. गुणोत्तर १.००२०९. हा .००२०९ एक भागिले ५१२ पेक्षा मोठा आणि एक भागिले २५६ पेक्षा लहान, म्हणून त्या ओळीत पहिल्या १ नंतर बरोबर आठ शून्यं असणार. ओळ लिहिलीच नाही, तरी तिची सुरुवात कळली.

उलटंही होतं. घात दोनाच्या पुढच्या घाताच्या जरासा खाली पडला की ओळ सलग एकांनी सुरू होते. २४३ हा २५६ च्या जवळ, म्हणून ११११००११.

आणि एक मोठी गोष्ट. हा १.५८४९६… अपरिमेय आहे, त्यामुळे घातांक वाढवत गेलं की हे अपूर्णांक ० आणि १ च्या मधल्या प्रत्येक फटीत कधी ना कधी पडतात. याचा अर्थ: १ ने सुरू होणारी कुठलीही अंकमाला सांगा, तीनाचा कुठला तरी घात द्विमानात तिनेच सुरू होतो. हीसुद्धा खात्री चौकटीत लिहा.

मधला भाग

उजवी कड शिस्तीची, डावी कड हिशेबाची, आणि मधे? मधल्या भागाबद्दल गणित अजून फार थोडं सांगू शकतं. प्रत्येक ओळीतले एक मोजा: १, २, २, ४, ३, ६, ६, ५, ६, ८, ९, १३, १०, ११, १४, १५, ११. ही क्रमिका चढते, घसरते, पुन्हा चढते. घातांक २४ ला १६ एक आहेत, तर २७ ला ४३ पैकी ३० अंक एक आहेत. लांब पल्ल्यात निम्मे अंक एक असावेत असं सगळ्यांनाच वाटतं, पण ते कुणी सिद्ध केलेलं नाही.

थोडं मात्र सिद्ध आहे, आणि त्यातला एक तुकडा घरी बसून करण्यासारखा आहे. बरोबर दोनच एक असलेले घात किती? ३ आणि ९, बस. समजा तीनाचा घात म्हणजे दोनाचा घात अधिक १. दोनाचा घात ८ किंवा मोठा असेल तर ८ ने भागून बाकी १, म्हणून तीनाचा घातांक सम. मग त्यातून १ वजा करून अवयव पाडता येतात: त्याच्या वर्गमुळातून एक वजा, गुणिले त्यात एक अधिक. दोन्ही अवयव दोनाचे घात आणि त्यांच्यात फरक दोनाचा. असे फक्त २ आणि ४. म्हणून वर्गमूळ ३, संख्या ९. दोनाचा घात ८ पेक्षा लहान असेल तर ३ सोडून काही हाती लागत नाही. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या दक्षिणेत राहणाऱ्या लेव्ही बेन गेर्शोम या विद्वानाने एकाच्या फरकाने असणारे दोनाचे आणि तीनाचे घात कोणते हा प्रश्न पूर्ण सोडवला होता, आणि तो प्रश्न त्याच्याकडे आला होता फिलिप द व्हित्री या संगीतकाराकडून. तिथेही संगीतच.

घातांक वाढतो तशी एकांची संख्या अनंताकडे जातेच; ती निदान किती वेगाने जाते, हे १९८० मध्ये गणितज्ञ सी. एल. स्ट्यूअर्ट यांच्या कामातून कळलं. व्हासिल दिमित्रोव्ह आणि एव्हरेट हाउ या दोघांनी तर २२ किंवा त्याहून कमी एक असलेले तीनाचे सगळे घात प्राथमिक पद्धतींनी शोधून काढले. याचं आरशातलं रूप म्हणजे पॉल एर्डशची १९७९ ची अटकळ: दोनाचे घात तीनाच्या पायात, म्हणजे फक्त ०, १ आणि २ हे अंक वापरून, लिहिले तर २ हा अंक अजिबात नसलेले घात १, ४ आणि २५६ हेच. ती अजून उघडी आहे. विधान शाळकरी मुलाला समजेल एवढं सोपं, आणि उत्तर कुणाकडे नाही.

व्याख्या बांधा, आणि तिला पिळून बघा

आता स्वतःची क्रमिका. मनात कल्पना अशी येते: ‘सलग शून्यांची रांग पहिल्यांदा कुठे भेटते?’ १ शून्य कुठे, २ कुठे, ३ कुठे. कल्पना छान आहे, पण ही व्याख्या नव्हे. का ते बघा.

‘निदान इतकी शून्यं सलग असलेला सर्वांत लहान घातांक’ असं म्हटलं तर १ साठी उत्तर २, कारण १००१ मध्ये एक तरी शून्य आहेच. २ साठीही २. ३ साठी ४. ४ साठी ८. ५ साठी १२, ६ साठी १२. क्रमिका: २, २, ४, ८, १२, १२.

‘दोन्ही बाजूंना एक असलेली, बरोबर इतक्या शून्यांची रांग’ असं म्हटलं तर १ साठी उत्तर ३, कारण १००१ मध्ये एकटं शून्य नाही, ११०११ मध्ये आहे. २ साठी २. ३ साठी ४. ४ साठी ८. ५ साठी मात्र १२ चालत नाही, तिथे रांगा ६, १ आणि ३ च्या आहेत. १३, १४, १५ मध्येही पाचाची रांग नाही. ती भेटते १६ ला. आणि ६ साठी १२. क्रमिका: ३, २, ४, ८, १६, १२.

एका शब्दाच्या फरकाने दोन वेगळ्या क्रमिका. पहिली कधी उतरत नाही, दुसरी उतरते. म्हणून व्याख्या लिहून झाली की तिला हे प्रश्न विचारा: ‘निदान’ की ‘बरोबर’? घातांक ० पासून की १ पासून? क्रमिकेत घातांक येणार की खुद्द घात? एखादं पद मुळात अस्तित्वात नसेल तर काय लिहायचं?

शेवटच्या प्रश्नावर बरेच जण अडखळतात. पद सापडलं नाही म्हणून ते नाहीच असं म्हणता येत नाही. पण आपल्याकडे चौकटीत लिहिलेल्या दोन खात्र्या आहेत. उजव्या कडेमुळे बरोबर ७ शून्यांची रांग घातांक ६४ पर्यंत भेटणारच. डाव्या कडेमुळे बरोबर ८ ची रांग ५३ पर्यंत भेटणारच. उजव्या कडेवर अवलंबून राहिलो असतो तर १२८ पर्यंत थांबावं लागलं असतं. दोन्ही व्याख्यांत प्रत्येक पद अस्तित्वात आहे, हे एकही नवी ओळ न लिहिता सिद्ध झालं. माझ्या मते पदं मोजायला बसण्याआधी एवढं तरी हातात असावं.

आणखी एक क्रमिका सरावासाठी देतो: कुठलीही संख्या द्विमानात लिहा, आणि ती अंकमाला तीनाच्या ज्या सर्वांत लहान घातात सलग दिसते त्याचा घातांक घ्या. १ साठी ०. २ म्हणजे १०, ते दिसतं १००१ मध्ये, म्हणून २. ३ म्हणजे ११, म्हणून १. १ पासून १६ पर्यंतची पदं: ०, २, १, २, ३, ३, ५, ४, २, ४, ३, ५, ३, ५, ५, ८. वरच्या ओळींतून हाताने काढा आणि ताडा. प्रत्येक पद अस्तित्वात का आहे याचं कारण चौकटीत लिहिलेल्या दुसऱ्या खात्रीत आहे.

मग प्रोग्रॅम

हाताने सहा पदं आली की यंत्राकडे वळा. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पूर्णांक कितीही मोठे चालतात, म्हणून सुरुवातीला तेच बरं. संख्या १ ठेवा, दर फेरीत तिप्पट करा, ‘बिन’ हे फंक्शन लावून द्विमान ओळ अक्षरमाला म्हणून मिळवा आणि तिची पहिली दोन अक्षरं, जी फक्त ‘हे द्विमान आहे’ असं सांगणारी खूण असते, टाकून द्या. ती खूण ठेवली तर ती तुमच्या मोजणीत शिरते, आणि पदं चुकतात. मग ओळ १ या अंकावर तोडा. उरलेले तुकडे म्हणजे शून्यांच्या रांगा. प्रत्येक तुकड्याची लांबी बघा, आधी न दिसलेली असेल तर तिच्यापुढे घातांक नोंदवा. घात विषम असल्याने ओळ १ नेच संपते, त्यामुळे प्रत्येक रांगेच्या दोन्ही बाजूंना एक असतोच.

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एकदा मी हाच तक्ता जावास्क्रिप्टमध्ये साध्या संख्या वापरून केला. ३३ व्या घातापर्यंत सगळं चोख. ३४ व्या ओळीपासून शेवटचा अंक ० यायला लागला. तीनाचा घात, आणि सम! मी मात्र शून्यांच्या लांबच लांब रांगा बघून हरखलो होतो, दोन दिवस त्यांच्यात नियम शोधत बसलो. कारण असं की तिथल्या साध्या संख्यांच्या साठवणीत ५३ द्विमान अंकांपर्यंतचीच विषम संख्या नेमकी मावते. तीनाचा ३३ वा घात, ५५५९०६०५६६५५५५२३, त्यात बसतो. ३४ वा घात १६६७७१८१६९९६६६५६९ आहे आणि यंत्र ठेवतं …५६८. स्प्रेडशीटमध्येही हाच धोका, तिथे तर पंधरा अंकांनंतरचे आकडे शून्य होऊन दिसतात. शेवटच्या अंकाची एक ओळीची तपासणी प्रोग्रॅममध्ये असती तर ते दोन दिवस वाचले असते. तेव्हापासून मी तिन्ही तपासण्या प्रोग्रॅममध्येच घालतो: शेवटचा अंक १, उजवीकडून तिसरा ०, तीनाचा ताळा. एकही चुकली की प्रोग्रॅम थांबतो.

पदं आली की दुसऱ्या रीतीने पुन्हा काढा. वेगळी रीत म्हणजे खरोखर वेगळी: अक्षरमाला न वापरता, संख्येला दोनाने भागत बाकी बघत रांगा मोजा. दोन्ही याद्या जुळल्या आणि पहिली सहा पदं वहीशी जुळली, तर विश्वास ठेवा.

आधी कुणाला सुचली होती का?

नील स्लोन यांनी १९६४ मध्ये, कॉर्नेलमध्ये विद्यार्थी असताना, क्रमिका कार्डांवर जमवायला सुरुवात केली. ते संकलन आज पूर्णांक क्रमिकांचा ऑनलाइन विश्वकोश झालं आहे, ओईआयएस. तिथे प्रत्येक क्रमिकेला ‘ए’ आणि सहा आकड्यांचा क्रमांक असतो. आपण मोजलेली एकांची संख्या, १, २, २, ४, ३, ६…, तिथे ए०११७५४ आहे, आणि आपल्या सतरा ओळी ज्या क्रमिकेच्या सुरुवातीला येतात ती ए००४६५६.

शोधताना पहिली एक-दोन पदं वगळा आणि पुढची सहा-सात शोधायला द्या. सुरुवात ० पासून की १ पासून, यावर वेगवेगळ्या लोकांचं वेगवेगळं असतं, त्यामुळे पहिल्या पदांपायी असलेली क्रमिकाही हुकते. आणि सहाच पदं हाताशी असताना शोधू नका. २, ४, ८ असलेल्या क्रमिका तिथे ढिगाने आहेत.

नसेल, तर नाव नोंदवून मसुदा पाठवता येतो. आकडे साधारण २६० अक्षरांत मावतील एवढे. पहिल्या पदाचा क्रमांक द्यावा लागतो. आपल्या शून्यांच्या रांगांसाठी तो १. पायावर अवलंबून असलेल्या क्रमिकांना तिथे ‘बेस’ हा शब्द लावतात, तो लावा. मोजकीच पदं निघत असतील तर ‘मोअर’.

‘बेस’ या शब्दावरून आठवलं. अंकांशी खेळणं म्हणजे खरं गणित नव्हे, पाया बदलला की सगळं बदलतं, असं म्हणणारे भेटतात. देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी आयुष्यभर दशमान अंकांचाच अभ्यास केला. आज ६१७४ त्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो. आणि तीनाच्या घातांच्या बाबतीत तर पाया दोन हा योगायोगाने निवडलेला नाही. बेरीज आणि गुणाकार यांचं एकमेकांशी काय नातं आहे, हाच प्रश्न त्या हातच्यांत दडलेला आहे.

ओईआयएसचे संपादक मसुदा वाचतात, प्रश्न विचारतात. व्याख्येतला ‘बरोबर’ की ‘निदान’ हा प्रश्न तुम्ही स्वतःला आधीच विचारलेला असेल तर अर्धं काम झालेलं असतं. उदाहरणाच्या रकान्यात सगळ्यांत फसवं पद घ्या, सोपं घेऊ नका. आपल्या दुसऱ्या क्रमिकेसाठी मी असं लिहीन: ‘पाचवं पद १६, कारण तीनाचा सोळावा घात द्विमानात १०१००१००००११०१०१११०१०००००१ असा आहे, त्यात शेवटच्या एकाआधी बरोबर पाच शून्यं आहेत, आणि आधीच्या कुठल्याही घातात दोन्ही बाजूंना एक असलेली पाच शून्यांची रांग नाही, बाराव्या घातात सहा शून्यं सलग आहेत, ती धरलेली नाहीत.’